सहीआधी चौथं कलम वाचा

भांडुपच्या एका वाचकांचं पत्र आहे. थोडक्यात असं: २०१९मध्ये नोकरी गेली, क्रेडिट कार्डाचे ८६,००० रुपये थकले, त्या ऑगस्टपासून हप्ता भरला नाही. पुढे भाड्याची खोली बदलली. आता म्हाडाच्या सोडतीत घर लागलंय, पण गृहकर्जाला बँक नकार देते, कारण सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीच्या अहवालात ते जुनं कार्ड ‘रिटन ऑफ’ (बँकेने बुडीत धरलेलं) दिसतं. वसुली एजंट ३,४२,००० मागतो. ‘१,१०,०००मध्ये मिटवून देतो, आज ५,००० टोकन भरा आणि फॉर्मवर सही करा’, असं त्याचं म्हणणं. सोबत राष्ट्रीय लोकअदालतीची नोटीसही आली आहे. सही करू का?

नका करू. निदान त्या फॉर्मवर नको.

रक्कम आणि रेल्वे स्टेशन बदललं की हेच पत्र मला बऱ्याच जणांकडून येतं. त्यामुळे एजंटाने सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, कार्ड थकलं म्हणून पोलीस घरी येत नाहीत, हे सगळं इथे पुन्हा सांगत बसत नाही. तुमचं प्रकरण एका गोष्टीवर उभं आहे: हे कर्ज मुदतबाह्य झालंय का, म्हणजे त्यासाठी कोर्टात दावा करायची मुदत संपलीय का, आणि झालं असेल तर तुम्ही स्वतःच्या सहीने ते पुन्हा जिवंत करताय का.

मुदत कायद्यानुसार अशा वसुलीच्या दाव्याला तीन वर्षं मिळतात. तुमचा हप्ता ऑगस्ट २०१९मध्ये चुकला, म्हणजे सरळ हिशेबाने ऑगस्ट २०२२. पण कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळला आहे. तो मिळवला की मुदत जुलै २०२४च्या अखेरीस संपते. बँका नेमकी कुठल्या तारखेपासून मोजणी धरतात यावर थोडा वाद होऊ शकतो. काही महिने इकडेतिकडे धरा. पण तोपर्यंत दावा किंवा लवादाची (कोर्टाबाहेर पंचाकडून निवाडा घेण्याची) कार्यवाही सुरू झाली नसेल, तर कोर्टातून वसुलीचा रस्ता बंद झाला, असं म्हणायला चांगली जागा आहे.

आता तुमच्या पत्राच्या अगदी शेवटी, ‘ता. क.’ म्हणून टाकलेली ओळ: ‘२०२४च्या दसऱ्यानंतर एकजण घरी आला होता, त्याला यूपीआयने २,००० दिले आणि एका कागदावर सही केली. कागदाची प्रत नाही.’

ही ओळ पत्राच्या सुरुवातीला हवी होती. चार पानांत नोकरी कशी गेली ते आहे, मेहुण्याने कसा हात वर केला ते आहे, आणि ज्यावर सगळं अवलंबून आहे ते ता. क.मध्ये! सही केलेल्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढायला किती वेळ लागतो?

असो. मुदत जिवंत असताना तुम्ही कर्जाची लेखी कबुली दिली, किंवा काही रक्कम भरून तशी सहीनिशी नोंद केली, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं सुरू होतात. हे मुदत कायद्याच्या कलम १८ आणि १९मध्ये आहे. दोन्ही कलमांची अट एकच: मुदत संपायच्या आत. तुमचे २,००० मुदत संपल्यानंतरचे. त्यामुळे नुसत्या त्या पैशांनी काही बिघडलं नाही. ‘अमुक रक्कम बाकी आहे हे मान्य’ एवढंच त्या कागदावर असेल तरी बहुधा बिघडलं नाही.

पण करार कायद्याचं कलम २५(३) वेगळं आहे. मुदतबाह्य झालेलं कर्ज ‘मी फेडेन’ असं कर्जदाराने लेखी, सहीनिशी वचन दिलं, तर ते वचन स्वतःच एक नवा करार ठरतो आणि त्यावर दावा चालतो. मुदत कधी संपली याने तिथे फरक पडत नाही. म्हणून दसऱ्यानंतरच्या त्या कागदावर फेडण्याचं वचन असेल, तर बँकेला ऑक्टोबर २०२७पर्यंत वेळ मिळाला. वचन जेवढ्या रकमेचं, तेवढ्यापुरतंच ते लागू होतं, हा त्यातला दिलासा. कागदावर काय होतं हे मला माहीत नाही आणि तुम्हालाही आठवत नाही, तेव्हा इथे मी ठाम काही सांगणार नाही.

नव्या फॉर्मबद्दल मात्र ठाम सांगतो, कारण त्याचा फोटो तुम्ही पाठवलाय. पहिली तीन कलमं नाव-पत्त्याची. चौथं इंग्रजीत, बारीक टाइपात. त्याचा अर्थ असा: ३,४२,००० रुपये देणं असल्याचं मला मान्य आहे, ते फेडण्याचं मी वचन देतो, सवलत म्हणून १,१०,००० सहा हप्त्यांत भरीन, आणि एक जरी हप्ता चुकला तरी सवलत रद्द होऊन पूर्ण रक्कम देय होईल. हे कलम २५(३)चं वचन आहे, तेही पूर्ण ३,४२,०००चं. जुना कागद निरुपद्रवी निघाला तरी हा नाही. तिसऱ्या महिन्यात पगार उशिरा झाला की तुम्ही कोर्टात नव्याने वसूल होऊ शकणाऱ्या कर्जाचे धनी व्हाल. हीच सही मोबाइलवर लिंक आणि ओटीपी पाठवून घेतली जाते. ती कागदावर नाही म्हणून हलकी समजू नका. व्हॉट्सॲपवर ‘दिवाळीनंतर नक्की फेडतो’ असंही लिहू नका. ते सही धरलं जाईल की नाही यावर वाद होईल, आणि तो वाद तुमच्या खर्चाने व्हायला नको.

लोकअदालतीची नोटीस पाहून तुम्ही घाबरलात, ते उगाच. ही दाखलपूर्व प्रकरणाची नोटीस आहे, म्हणजे अजून कुठलाही दावा नाही. गेला नाहीत तर एकतर्फी निकाल लागत नाही, वॉरंट निघत नाही. गेलात आणि तडजोडीवर सही केलीत, तर मात्र तो निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का, त्यावर अपील नाही, आणि अंमलबजावणीची दरखास्त पुढची बारा वर्षं करता येते. बँकांना लोकअदालत एवढी का आवडते ते यावरून कळेल. फोर्टच्या नगर दिवाणी न्यायालयात अशा रकमेचा दावा टाकून बसलं तर साक्षीपुराव्यापर्यंत पोचायलाच वर्षं जातात. पदं रिकामी, तारखांवर तारखा. त्यापेक्षा एका शनिवारी कर्जदाराची सही मिळणं स्वस्त. कोर्टं वेगाने चालली असती तर तुमच्यावरचा दावाही २०२२पर्यंत निकाली निघाला असता आणि आज हे पत्र लिहावं लागलं नसतं.

एक धोका राहतोच, आणि तो तुम्ही स्वतः ओढवून घेतलाय. खोली बदलली तेव्हा बँकेला पत्ता कळवला नाहीत. जुन्या पत्त्यावर लवादाची नोटीस जाऊन मुदतीच्या आतच एकतर्फी निवाडा झाला असेल, तर वरचं मुदतीचं सगळं गणित कोसळतं. बँकेने परस्पर एकटीने लवाद नेमला असेल तर त्या निवाड्याला आव्हान देता येतं, पण साधारण तीन महिन्यांच्या आत, आणि ते दिवस सही असलेली निवाड्याची प्रत तुम्हाला मिळाल्यापासून मोजतात. म्हणून ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर स्वतःच्या नावाने शोध घ्या. मात्र दरखास्त दाखल होईपर्यंत निवाडा तिथे दिसत नाही, हेही लक्षात ठेवा.

मग करायचं काय? बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र पाठवा. एजंटाला नव्हे. त्यात फक्त मागण्या: खात्याचा संपूर्ण उतारा, कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलं असल्यास तिचं नाव, दावा किंवा लवाद झाला असल्यास तपशील, आणि ऑक्टोबर २०२४मध्ये माझी सही घेतलेल्या कागदाची प्रत. शेवटी एक वाक्य: ‘या पत्रातील कोणताही मजकूर म्हणजे कर्जाची कबुली अथवा ते फेडण्याचे वचन नव्हे.’ पगाराचं खातं त्याच बँकेत असेल तर ते आधी हलवा. मुदत संपली म्हणजे दाव्याचा मार्ग बंद होतो, देणं नाहीसं होत नाही. हातात असलेल्या रकमेतून बँकेने येणं वळतं करून घेणं सर्वोच्च न्यायालयाने १९९२मध्ये मान्य केलेलं आहे.

आणि इथेच तुमची खरी अडचण आहे. दावा चालणार नाही म्हणून सिबिलची नोंद पुसली जाणार नाही. मित्राने सांगितलेलं ‘सात वर्षांनी आपोआप जातं’ हे अर्धवट आहे: क्रेडिट माहिती कंपन्यांनी नोंदी किमान सात वर्षं ठेवायच्या असा नियम आहे, सातव्या वर्षी पुसायच्या असा नाही. अंधेरीतले कोणी १५,००० घेऊन ‘सिबिल साफ’ करून देतो म्हणत असतील, तर ते तुमच्या नावाने फुकट करता येणारी तक्रारच करतील. खरी असलेली नोंद त्यांनाही हटवता येत नाही.

घर हवं असेल तर पैसे द्यावे लागतील. फक्त कसे, ते तुमच्या हातात ठेवा. मुदतीचा मुद्दा घासाघीस करायला वापरा. व्याज बेकायदा आहे यावर मात्र भिस्त नको: कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज नको हा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४मध्ये रद्द केला. हप्ते मागू नका. मेहुणा, सोनं, पीएफ, जिथून जमेल तिथून उभी करून एकरकमी रक्कम द्या, आणि पैसे देण्याआधी बँकेच्या लेटरहेडवर पत्र घ्या: इतकी रक्कम मिळाल्यावर खातं ‘क्लोज्ड’ म्हणून कळवू, बाकी शून्य. ‘सेटल्ड’ (कमी रकमेत मिटवलं) हा शेरा गृहकर्ज देणाऱ्या बऱ्याच बँकांना जवळपास ‘रिटन ऑफ’इतकाच खुपतो. कमी रक्कम घेऊन ‘क्लोज्ड’ लिहायला तुमची बँक तयार होईल का, हे सांगता येत नाही; तिच्यावर तसं बंधन नाही. कदाचित १,१०,०००पेक्षा जास्त मोजावे लागतील. रक्कम कार्डखात्यातच भरा, एजंटाच्या यूपीआयवर नाही.

पैसे भरल्यावर बँकेने क्रेडिट माहिती कंपनीला पुढच्या नियमित अहवालात बदल कळवायला हवा. नाही कळवला तर बँकेकडे आणि क्रेडिट माहिती कंपनीकडे तक्रार करा. तीस दिवसांत निकाली न निघाल्यास दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. जुन्या उशिराच्या महिन्यांची नोंद तरीही काही काळ दिसत राहील. नवी बँक ती किती मनावर घेईल, हे त्या बँकेवर आहे.

या सगळ्याला दीड-दोन महिने धरा, आणि म्हाडाच्या देकार पत्रावरची तारीख तेवढी थांबणार नाही. वांद्र्याच्या गृहनिर्माण भवनात मुदतवाढीचा लेखी अर्ज याच आठवड्यात द्या, पोच घ्या. मिळेलच असं नाही. पत्नी नोकरी करत असतील तर त्यांना मुख्य अर्जदार धरून कर्ज बसतं का, तेही बँकेत विचारा. तुमची नोंद सहअर्जदार म्हणून तपासली जाईलच. आणि एजंटाचा पुन्हा फोन आला तर एवढंच सांगा की जे असेल ते बँकेने लेखी कळवावं.