अर्ज कोणी भरायचा?

आपले पत्र वाचले. मुलगी बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला खोल समुद्रातील उष्ण झऱ्यांपाशी लोहावर जगणाऱ्या सूक्ष्मजीवांवर संशोधन करायचे आहे, आणि ‘हे खूळ कसे काढावे’ असे आपण विचारता. तिचे ७१ टक्के मला खटकले नाहीत. तिला न सांगता आपण एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरून टाकलात, हे खटकले. सज्ञान मुलीच्या परस्पर केलेल्या अशा गोष्टीला मी काळजी म्हणणार नाही. दोन पानी पत्रात तिचे म्हणणे एका ओळीत आले आहे, तेही ‘हट्ट’ म्हणून. तिच्याशी बोलून, तिला कळवून तो अर्ज रद्द करा.

‘समुद्राच्या तळाशी मुलीला कसे पाठवायचे?’ ही भीती मात्र निव्वळ गैरसमजातून आली आहे. नमुने वर आणण्याचे काम बहुधा दूरनियंत्रित यंत्रे आणि संशोधन पाणबुड्या करतात. पुढची वर्षे प्रयोगशाळेत जातात. ईशान्य पॅसिफिकमधील हुआन दे फुका पर्वतरांगेवरच्या झऱ्यातून मिळालेला, २००३ मध्ये जाहीर झालेला ‘स्ट्रेन १२१’ हा जीव १२१ अंश सेल्सिअसला वाढतो, म्हणजे ज्या तापमानाला तिच्या कॉलेजातला ऑटोक्लेव्ह जंतू मारतो, त्याच तापमानाला. आपण श्वसनात ऑक्सिजनला जे इलेक्ट्रॉन देतो, ते हा जीव फेरिक लोहाला, म्हणजे गंजात असते तशा लोहाला, देतो. त्यामुळे ऑक्सिजन काढून घट्ट बंद केलेल्या नळीतली गंजाच्या रंगाची भुकटी काळी पडत जाते, आणि बाहेरून चुंबक लावला की तो काळा गाळ काचेकडे सरकतो, कारण त्याचे मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला ओढले जाणारे लोहखनिज, झालेले असते. हे वाचून एखाद्या विद्यार्थिनीला त्याचा ध्यास लागला, तर त्यात खूळ कसले?

एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी जॅम आणि सीयूईटी-पीजी, पुढे पीएच.डी.साठी नेट, या परीक्षांच्या वाटा तिला ठाऊक असतीलच. तिला एक कटू गोष्टही सांगावी लागेल: केवळ याच जीवांवर काम करण्याच्या जागा आपल्याकडे मोजक्या आहेत आणि पीएच.डी.नंतर कायम नोकरीची हमी नाही. म्हणून एम.एस्सी.त तिने ऑक्सिजनविरहित संवर्धनाचे, म्हणजे ऑक्सिजन नसताना सूक्ष्मजीव वाढवण्याचे, तंत्र हाताखालून घालावे. ते बायोगॅस आणि सांडपाणी प्रक्रियेतही लागते. पुण्याची आघारकर संशोधन संस्था आणि गोव्यातील दोना पावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था येथे प्रकल्पासाठी तिने स्वतः लिहावे, आणि तो मजकूर आपण तपासायला मागू नये.