'पोतनीस', 'चिटणीस', 'फडणीस' ह्यातला 'नीस' म्हणजे काय? आणि आमचं मूळ आडनाव वेगळंच होतं असं आजोबा म्हणायचे, ते खरं असू शकतं का?

तुम्ही पोतनीस, मी कारखानीस, म्हणजे शेपूट एकच. त्यामुळे ह्या प्रश्नावर उत्तर न देता पुढे जाणं जमलं नाही. मला आयुष्यभर लोक 'कुठला कारखाना?' विचारत आलेत आणि सांगलीकडे नोकरीला होतो तेव्हा तर एका गृहस्थांनी प्रामाणिकपणे ह्यावर्षी उसाला भाव काय देणार म्हणून विचारलं होतं!

तर 'नीस' म्हणजे 'नवीस'. फारसी शब्द, अर्थ लिहिणारा. उत्तरेत कोर्टाबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देतात ना, ते अर्जीनवीस, त्यातला नवीस. आपल्याकडे बोलता बोलता मधला 'व' गळून पडला. आता आधीच्या भागात तो काय लिहायचा ते बघायचं. चिठ्ठ्या, पत्रं लिहिणारा तो चिटणीस, फारसी पत्रव्यवहार बघणारा पारसनीस, हिशेब लिहिणारा हसबनीस, जमेची बाजू सांभाळणारा जमेनीस, दरबारातल्या रोजच्या घडामोडी टिपणारा वाकनीस. फडणीस म्हणजे मूळ फडनवीस, त्यातल्या 'फड'चा संबंध कोशात 'फर्द' ह्या शब्दाशी लावलेला सापडतो, फर्द म्हणजे कागदाचा ताव किंवा यादी. एक गंमत बघा, चिटणीस आणि फडणीस मध्ये 'ण' आहे पण सबनीस, पोतनीस, पारसनीस मध्ये 'न'. आधी ट किंवा ड आला की जीभ आधीच वर टाळूला गेलेली असते, मग 'न' म्हणायला खाली कोण येतो.

तुमचं पोतनीस म्हणजे 'पोत्या'चा लिहिणारा, पण इथलं पोतं म्हणजे धान्याची गोणी नाही तर सरकारी खजिना. त्याच घरातला दुसरा शब्द पोतदार. पोतदार नाणं खरं की खोटं ते पारखायचा आणि पोतनीस खजिन्यात किती आलं किती गेलं ते लिहायचा. म्हणजे एकाचा हात पैशाला लागायचा, दुसऱ्याचा फक्त शाईला. आमच्या घरात पैसा का टिकत नाही असं कोणी विचारलं तर हे सांगायला हरकत नाही.

माझं सांगायचं तर शिवकाळात किल्ल्यावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असायचे आणि त्यांच्या जोडीला कारखानीस. सबनीसाकडे माणसांची हजेरी आणि दफ्तर, कारखानीसाकडे धान्य, दारूगोळा, बाकी सामानसुमान. कारखाना म्हणजे तेव्हा धूर सोडणारी फॅक्टरी नव्हे, खातं. अंबरखाना, जामदारखाना, पीलखाना वगैरे अठरा कारखाने म्हणतात ते हेच. थोडक्यात आमचे पूर्वज स्टोअरकीपर होते, घरातले वडीलधारे लग्नकार्यात 'आमचं घराणं गडावरचं' असं सांगतात ते ऐकायला जास्त बरं वाटतं एवढंच.

ह्यात मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट म्हणजे 1674 ला राज्याभिषेकाच्या वेळी ह्या फारसी हुद्द्यांना मुद्दाम संस्कृत नावं दिली गेली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनीसाचा सचिव, वाकनीसाचा मंत्री, डबीराचा सुमंत, आणि पाठोपाठ राज्यव्यवहारकोश तयार झाला ज्यात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिलेत. पण घरोघरची नावं काही बदलली नाहीत, आज फोनबुकात मुजुमदार आणि डबीर सापडतील, सुमंत पण असतील, पण तुलनेत किती ते बघा. चिटणीस तर आडनाव सोडून अजून नोकरीतही आहे, प्रत्येक पक्षाला एक सरचिटणीस लागतोच!

आता आजोबांचं म्हणणं. खरं असू शकतं, किंबहुना खरं असण्याचीच शक्यता जास्त, कारण हे हुद्दे आहेत आणि हुद्दा मिळायच्या आधी माणसाला काहीतरी नाव असणारच. नाना फडणवीस म्हणजे बाळाजी जनार्दन भानू. भानू हे घराणं कोकणातल्या वेळासचं, फडणिशी मिळाली आणि मग भानू मागे पडलं. ज्यांची नोकरी केली ते पेशवे स्वतः श्रीवर्धनचे भट. काम बापाकडून मुलाकडे जात राहिलं की दोन-तीन पिढ्यांत गावाला कामाचंच नाव तोंडात बसतं. कुलकर्णी, देशपांडे, देशमुख, पाटील ह्यांचंही तेच, वतन वंशपरंपरेने म्हणून नावही वंशपरंपरेने. कुलकर्णी वतनं कायद्याने 1951 मध्ये संपली, दफ्तर तलाठ्याकडे गेलं, आडनाव मात्र कोणी जमा करून घेतलं नाही.

माझा अनुभव सांगतो. वडील गेल्यावर त्र्यंबकेश्वरला गेलो होतो, तिथे तीर्थोपाध्यायांकडे नामावळीच्या वह्या असतात हे ऐकून माहीत होतं पण बघितल्या नव्हत्या. गुरुजींनी आडनाव ऐकून घेतलं आणि लगेच म्हणाले, 'ते राहू दे, गाव सांगा.' आत गेले, लाल कापडात बांधलेलं एक लांबट बाड घेऊन आले, गाठ सोडली, थुंकी न लावता नुसत्या बोटाने पानं उलटत गेले आणि एका पानावर थांबले. पणजोबांची सही. बाळबोध, थरथरती. त्याच्या वर मोडीत त्यांच्या आजोबांची नोंद, मला काही वाचता येईना तर गुरुजी अगदी पेपर वाचल्यासारखं वाचून दाखवत होते, '...उपनाव कुलकर्णी, हल्ली कारखानीस'. मी खुश, म्हटलं चला मूळ आडनाव सापडलं. बाहेर येऊन चहा पिताना लक्षात आलं की कुलकर्णी हाही हुद्दाच की! म्हणजे त्याच्याही खाली अजून काहीतरी असणार. सोललेल्या कांद्यासारखं झालं ते, त्यामुळे मी तरी आता 'मूळ' हा शब्द जरा जपून वापरतो.

आणि नाव बदलायला पेशवाईच लागते असंही नाही. माझ्या काकांच्या शाळेत नाव घालताना कोणी तरी रजिस्टरला 'कारखानवीस' लिहिलं, दाखल्यावर तेच आलं, मग नोकरी, पेन्शन सगळीकडे तेच. चुलतभावाचा पासपोर्ट अडला तेव्हा राजपत्रात नावबदलाची जाहिरात देऊन सगळं निस्तरावं लागलं. खरं तर व्युत्पत्तीच्या हिशेबाने त्या कारकुनाचंच बरोबर होतं, पण हे भावाला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

एक गोष्ट मात्र करू नका, आडनावावरून जात किंवा नातं काढायला जाऊ नका. देशमुख मराठा असतात, ब्राह्मण असतात, लिंगायत असतात, मुसलमानही असतात, कारण देशमुखी होती त्यांना ते नाव. दोन पोतनीस भेटले तर दोन वेगवेगळे खजिने असू शकतात.

तुम्हाला शोधायचंच असेल तर आधी कुलदैवत, गोत्र आणि मुख्य म्हणजे मूळ गाव घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून पक्कं करून घ्या, आत्यांना विचारा, त्यांना जास्त माहीत असतं. शाळेचं जनरल रजिस्टर, जमिनीचे जुने फेरफार, घरात माळ्यावर मोडी कागद असतील तर फेकू नका. नाशिक, त्र्यंबकला गेलात तर फक्त आडनाव घेऊन जाऊ नका, गाव नसेल तर वही उघडणार नाही. आणि नोंद सापडलीच तर खाली तुमची आत्ताची पिढी लिहवून घ्या, मुलींची नावं आपणहून सांगा, आमच्या गुरुजींनी विचारली नव्हती.