बारशापर्यंतच्या बारा दिवसांची खरेदी

आपला प्रश्न थोडक्यात असा : पत्नीला सातवा महिना सुरू आहे, डॉक्टरांनी जुलैअखेरची तारीख दिली आहे, पहिलेच बाळंतपण असल्याने ती खानापूर तालुक्यातील माहेरी जाणार आहे, आणि आपल्या हातात एका ॲपने दिलेली साठ वस्तूंची यादी आहे. त्यांपैकी बाळ येण्याआधी नेमके काय घ्यावे, आणि घरातील वडीलधारी माणसे ‘आधी काही आणू नका’ म्हणत असताना ते कसे घ्यावे? सवलतीत मिळणारा लाकडी कॉट आत्ताच घेऊन ठेवावा का, हेही आपण विचारले आहे.

मी बेळगावात एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करतो. माझ्या मुलीचा जन्म तीन वर्षांपूर्वी अशाच भर पावसात झाला. पत्नीचे माहेर चंदगड तालुक्यात आहे, म्हणजे पावसाच्या बाबतीत आपल्या सासुरवाडीचे सख्खे भावंडच. आम्हीही अशीच एक लांबलचक यादी घेऊन खडेबाजारात दोन रविवार घालवले होते आणि त्या खरेदीतील निम्म्याहून अधिक वस्तू आजही माळ्यावर आहेत. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, बाळ येण्याआधीची खरेदी ही जन्म आणि बारसे यांच्यामधल्या बारा दिवसांपुरती करावी. बारशाला दोन्हीकडचे पाहुणे बाळंतविडा घेऊन येतातच, आणि त्यानंतर जे कमी पडेल ते एका संध्याकाळी बाजारातून आणता येते. मात्र या बारा दिवसांसाठी लागणाऱ्या कापडाची संख्या बाळ ठरवत नाही, पाऊस ठरवतो. इथेच आमची फजिती झाली.

आम्ही वीस लंगोट घेतले होते आणि ते भरपूर वाटत होते. बाळ चार-पाच दिवसांचे होऊन आईचे दूध नीट मिळू लागले, तेव्हा दिवसरात्र मिळून चौदा-पंधरा लंगोट बदलावे लागू लागले. ही काळजीची गोष्ट नव्हे. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस बाळाने दिवसातून किमान सहा वेळा लघवी करणे हे दूध पुरेसे मिळत असल्याचे लक्षण मानतात. अडचण वाळवण्याची होती. सोप्यात या खांबापासून त्या खांबापर्यंत दोरी बांधली, स्वयंपाकघरात चुलीच्या वर दुसरी बांधली, तरीही सकाळी धुतलेला लंगोट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हाताला गारच लागायचा, आणि चुलीवरच्या दोरीवरचे कापड वाळले तरी त्याला धुराचा वास यायचा. रात्री इस्त्री फिरवून वाळवावेत म्हटले, तर नेमकी त्याच वेळी वीज जायची. तिसऱ्या रात्री मी कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब मांडला : रोजचे पंधरा, वाळायला दोन दिवस, म्हणजे कोणत्याही क्षणी तीस दोरीवर आणि पंधरा वापरात, असे एकूण पंचेचाळीस. मार्चमध्ये हेच कापड तीन तासांत वाळले असते आणि वीस लंगोटांत आरामात भागले असते. आपली तारीख जुलैअखेरची आहे, तेव्हा पंचेचाळीसच धरावेत.

पंचेचाळीस लंगोट विकत घ्यावे लागत नाहीत, हे मला सासूबाईंनी दाखवले. त्यांनी सासऱ्यांची दोन जुनी धोतरे आणि स्वतःची एक विरत आलेली सुती साडी ट्रंकेतून काढली, कडेला दाताने एक चीर दिली आणि सरळ रेषेत टर्रकन फाडत तासाभरात तीसेक तुकडे केले. मी त्यांना कडेने शिलाई मारून आणण्याचे सुचवले, तर त्यांनी विकतच्या लंगोटाची दुमडलेली किनार माझ्या बोटांत दिली. बाकी सगळे कापड वाळले होते, पण किनार ओलीच होती, आणि नेमकी तीच बाळाच्या मांडीला घासते. शिलाई नाही म्हणून कापड लवकर वाळते, आणि वर्षानुवर्षे धुतले गेल्याने ते नव्या कापडापेक्षा पाणीही चटकन शोषते. उलट मी कौतुकाने आणलेले तिहेरी थराचे, बटणांचे महागडे लंगोट पावसात तीन-तीन दिवस वाळले नाहीत. आपल्या सासूबाईंना आजच फोन करून जुनी धोतरे आणि सुती साड्या बाजूला काढायला सांगावे. कापड एकदा गरम पाण्यात धुऊन, उन्हे आहेत तोवर म्हणजे मे महिन्यातच कडकडीत वाळवून ठेवावे.

कापड शेकोटीवर वाळवण्याविषयी एक सावधगिरी सांगतो, कारण आपल्या भागात ती पद्धत घरोघरी आहे. शेगडीवर बांबूची बुट्टी पालथी घालून तिच्यावर लंगोट पसरले तर ते छान वाळतात, परंतु ती शेगडी बाळंतिणीच्या खोलीत नसावी. पावसाळ्यात दारे-खिडक्या बंद असतात आणि बंद खोलीत कोळशाच्या निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू ना दिसतो ना त्याचा वास येतो. शेगडी सोप्यात किंवा पडवीत, वारा खेळता राहील अशा ठिकाणी ठेवावी. धुरीलाही हेच लागू आहे.

तयार डायपरचे एकच लहान पाकीट घ्यावे, दवाखान्यातील दोन-तीन दिवसांसाठी आणि अगदीच कापड संपले त्या रात्रीसाठी. नवजात मापाचे डायपर साधारण पाच किलो वजनापर्यंतच चालतात आणि बाळ दोन-अडीच महिन्यांत त्या मापाबाहेर जाते, म्हणून मोठे पाकीट सवलतीत मिळाले तरी घेऊ नये.

बाकीचे कपडे थोडकेच पुरतात : समोर गाठीचे सहा-सात सुती झबले, तीन-चार टोपडी, दोन जोड पायमोजे, गुंडाळायला पाच-सहा सुती दुपटी, एक मऊ वाकळ आणि खाली घालायला दोन ड्राय शीट. बाळाला कपड्यांच्या एका जादा थराची गरज असते, त्याहून अधिक नाही. पावसात गारवा असला तरी स्वेटरवर स्वेटर चढवण्याची हौस टाळावी. बारशाला आमच्याकडे नऊ कुंच्या आणि चौदा फ्रॉक आले, सगळे एकाच मापाचे, आणि त्यांतले पाच तर एकदाही अंगाला लागले नाहीत. पाहुण्यांना माप सांगण्यात संकोच वाटतो हे खरे, पण आपल्या बहिणीला किंवा मेहुण्याला विश्वासात घेऊन ‘सहा महिन्यांच्या पुढचे आणा’ एवढा निरोप फिरवता येतो. बाळाचे वजन साधारण पाचव्या महिन्यात जन्मवजनाच्या दुप्पट होते, तेव्हा मोठ्या मापाचे कपडे वाया जात नाहीत.

ॲपच्या साठ वस्तूंमध्ये आईसाठी किती आहेत, ते एकदा मोजून पाहावे. आमच्या यादीत एकही नव्हती. प्रसूतीनंतरच्या दिवसांत खरी धावपळ त्याच वस्तूंसाठी होते. मोठ्या आकाराचे मॅटर्निटी पॅड चांगले तीन-चार पाकिटे, समोरून उघडणारे चार सुती गाऊन (ते वाळण्याचा हिशेबही वरच्यासारखाच करावा), कानाला बांधायचा स्कार्फ आणि मोठा थर्मास. हे सगळे तालुक्याच्या गावी रात्री अकराला मिळत नाही. मी पावसात दुचाकीवरून मेडिकल दुकान शोधत फिरलो आहे, म्हणून एवढे आग्रहाने लिहितो. अळिवाच्या आणि डिंकाच्या लाडवांची चिंता आपण करू नये. ते खाते सासूबाईंचे आहे आणि त्यात जावयाने लक्ष घातलेले त्यांना आवडत नाही.

एक डिजिटल थर्मामीटर मात्र आधीच घ्यावा. तीन महिन्यांच्या आतील बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला, तर घरगुती उपाय न करता थेट डॉक्टरांकडे जायचे असते, आणि कपाळाला हात लावून हा निर्णय घेता येत नाही. दुसरी वस्तू म्हणजे छत्रीसारखी उघडणारी लहान मच्छरदाणी. डासांच्या अगरबत्तीच्या धुरापेक्षा ती केव्हाही बरी.

आता न घेण्याच्या वस्तू. दूध पाजण्याच्या बाटल्यांचा संच आणि निर्जंतुक करण्याचे यंत्र आधी आणून ठेवू नये. आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने दुधाच्या बाटल्या आणि बाळाच्या दुधाची भुकटी यांच्या जाहिरातीला बंदी आहे, ती उगाच नव्हे. बाटली घरात तयार असली की पहिल्या कठीण रात्री हात तिच्याकडेच जातो आणि अंगावरचे दूध मागे पडते. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने केवळ आईचेच दूध द्यावे असे सांगते. डॉक्टरांनी वरचे दूध सांगितलेच, तर उकळलेली वाटी आणि चमचा घरात असतोच. मध, गुटी आणि काजळ यांच्यावर खर्च करू नये. यावरून घरात थोडा वाद होईल. काजळाची हौस आमच्या आईने तळपायाला तीट लावून भागवली, आणि मीही त्यापुढे ताणले नाही. पावडरीचा भुगा बाळाच्या श्वासात जातो, म्हणून तीही नको. चाकांचा वॉकर कोणी भेट देऊ केला तर नम्रपणे दुसरे काही मागावे. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली, कारण त्यात बसलेली मुले पायऱ्यांवरून पडत होती.

मोहरीच्या उशीविषयी मला थोडे अधिक लिहावे लागेल, कारण ती सहसा प्रेमाने शिवून आलेली असते. डोके गोल व्हावे म्हणून ती देतात. परंतु बालरोगतज्ज्ञांचा आजचा सल्ला स्पष्ट आहे की बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, उशीशिवाय झोपवावे. मऊ वस्तू तोंडाशी आल्या तर बाळाला स्वतः मान बाजूला करता येत नाही. आमच्या मावशींनी शिवलेली उशी आम्ही परत केली नाही. बाळ जागे असताना ती शेजारी ठेवून फोटो काढला आणि मग तिला कपाटात जागा दिली.

वडीलधाऱ्यांचा ‘आधी काही आणू नका’ हा आग्रह मी अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकणार नाही. ज्या पिढीने बाळंतपणात दगावलेली मुले पाहिली आहेत, तिने रिकाम्या झबल्यांची घडी पाहण्याची भीती अशी सांभाळली आहे. त्यातून वाट निघते. जुने धोतर फाडणे ही खरेदी नव्हे, म्हणून त्याला कोणाचीच हरकत नसते. आईसाठीच्या वस्तू तर आईच्याच आहेत. राहिलेले झबले-टोपडी आम्ही गणपत गल्लीतील ओळखीच्या दुकानात निवडून, पैसे देऊन, पिशवीवर नाव घालून तिथेच ठेवली आणि जन्माची बातमी कळल्यावर माझ्या भावाने ती उचलून आणली. आईचे समाधान राहिले आणि माझेही. प्रसूती सरकारी रुग्णालयात होणार असेल, तर आशाताईंकडे आधी चौकशी करावी. कर्नाटक शासनाने २००७ साली दारिद्र्यरेषेखालील मातांसाठी मडिलु नावाची योजना आणली होती आणि तिच्या पिशवीत बाळाचे व आईचे साहित्य असे. कन्नडमध्ये मडिलु म्हणजे ओटी, तेव्हा नाव अगदी नेमके आहे. दवाखान्याच्या पिशवीत तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणातील तपासण्यांच्या नोंदींचे सरकारी कार्ड, सर्वांत वर ठेवावे.

आपल्याकडे स्वतःची मोटार असेल, तर मोठा खर्च करण्याजोगी एकच वस्तू मला दिसते, आणि ती म्हणजे मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा योग्य सीट नसल्यास १,००० रुपये दंड आहे. दंड बाजूला ठेवला तरी माहेर-सासर येण्याजाण्यात बाळ रस्त्यावर बराच वेळ असणार. मोटार नसेल तर भाड्याच्या गाडीने हळू यावे. एवढ्या लहान बाळाला दुचाकीवर नेऊ नये. ढकलगाडी मात्र घेऊ नये. आमची ढकलगाडी मारुती गल्लीत एकदाच नेली. उभ्या स्कूटरींमधून ती दोन्ही हातांनी उचलूनच घरी आणावी लागली.

कॉटचे म्हणाल, तर सवलत सोडून द्यावी. पहिले दोन-तीन महिने पत्नी आणि बाळ माहेरी असणार आणि कॉट आपल्या घरी रिकामा उभा राहणार. घ्यायचाच तर बाळ पालथे पडू लागल्यावर घ्यावा, आणि त्याची एक बाजू खाली सरकणारी नसावी. अमेरिकेत तसल्या कॉटच्या विक्रीवर २०११ पासून बंदी आहे. बारशाला पाळणा लागेल, तो नात्यात कोणाकडे तरी असतोच. आमचा पाळणा पत्नीच्या धाकट्या भावाचा होता. सासऱ्यांनी त्याचे खिळे ठोकून पाहिले, दोन सुटलेल्या पट्ट्या बदलल्या, जुन्या दोऱ्या काढून टाकून बाजारातून नव्या आणल्या, आणि कडीला टांगल्यावर आधी तांदळाचे दहा किलोचे पोते ठेवून तो अर्धा तास हलवून पाहिला.