सोनं नको, चांदी ठेवा

प्रश्न : आम्ही तिघा मित्रांनी इथे ह्यूस्टनला गॅरेजमध्ये फ्यूजर (हाय व्होल्टेजवर अणुकेंद्रकं एकमेकांत जोडणारं छोटं मशीन) बनवलाय, ड्युटेरियमवर म्हणजे जड हायड्रोजनवर चालतो, बबल डिटेक्टरमध्ये बुडबुडे दिसले म्हणजे न्यूट्रॉन नक्की येतायत. पण बायकोची सोन्याची अंगठी चेंबरला चिकटवून अर्धा तास ठेवली तरी किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर ढिम्म. सोनं न्यूट्रॉन चांगले शोषतं असं वाचलेलं, मग चुकतंय कुठे?

उत्तर : वाचलंत ते बरोबर आहे, पण नुसतं शोषून भागत नाही, त्यातून बनणाऱ्या किरणोत्सर्गी अणूंचं हाफ लाइफ, म्हणजे त्यातले निम्मे विरायला लागणारा वेळ, बघावं लागतं. सोन्यापासून गोल्ड-198 बनतं, त्याचं हाफ लाइफ 2.7 दिवस, म्हणजे अर्ध्या तासात जमू शकते त्यातली जेमतेम अर्धा टक्का ॲक्टिव्हिटी (किरणोत्सर्ग) जमली. चांदी घ्या. तिच्यात सिल्व्हर-110 बनतं, 24.6 सेकंदांचं, आणि सिल्व्हर-108, सुमारे 2.4 मिनिटांचं, त्यामुळे दहा मिनिटं मशीन चाललं की दोन्ही जवळजवळ काठोकाठ. तुमच्याकडे 1964 पर्यंतचे डाइम, क्वार्टर 90 टक्के चांदीचे असतात, त्यावर काम होईल, पण पातळ पत्रा मिळाला तर उत्तम, कारण जाड चांदीत आतले बीटा कण, जे गायगर मोजतो, ते आतच अडकतात.

आता दुसरी चूक, आणि मला वाटतं हीच मोठी. अंगठी थेट चेंबरला चिकटवलीत! तुमचे न्यूट्रॉन 2.45 एमईव्ही (ऊर्जेचं एकक) ऊर्जेचे, सुसाट जाणारे, ते थोपवल्याशिवाय चांदी काय नि सोनं काय, फारसं काही पकडत नाही. हायड्रोजनवर सरासरी अठराएक धडका बसल्या की ते मंदावतात, म्हणून मध्ये पाचेक सेंटिमीटर मेण ठेवा, किंवा भाजी चिरायचे पॉलिथिनचे बोर्ड एकावर एक रचा, चांदीच्या मागेही ठेवा. 1934 च्या ऑक्टोबरमध्ये रोममध्ये भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मींना हेच सापडलं, तेही चांदीवरच, पॅराफिन (मेण) मध्ये आणल्यावर ॲक्टिव्हिटी कितीतरी पट वाढली.

मशीन पूर्ण बंद करून मगच मोजा, चालू असताना गायगर एक्स-रे आणि हाय व्होल्टेजचा गोंगाटच मोजतो. पहिली वीस सेकंदं महत्त्वाची, पत्रा काढून गायगरच्या ट्यूबला लावेपर्यंत वेळ घालवू नका. दर दहा सेकंदांचे काउंट लिहून लॉग ग्राफवर (दहा-दहा पटींच्या पट्टीवर) टाका, आधी उभा उतार मग आडवा, असा बाक आला की चांदीच बोलतेय, आधी 24.6 सेकंदांचं विरतं, मग 2.4 मिनिटांचं. हे जमलं की इंडियम हा धातू घ्या, त्यात बनतं त्याचं हाफ लाइफ 54 मिनिटांचं, आरामात मोजता येतं.

काचेच्या खिडकीतून मात्र डोळा लावून बघू नका, कॅमेरा लावा, तिथून एक्स-रे येतात. (भारतातल्या वाचकांनी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीशिवाय असं मशीन सुरू करू नये, कळकळीची विनंती.)

आणि अंगठीची काळजी नको, मोजण्याइतकंही काही तिच्यात नाही, वहिनींना आजच परत द्या.