मित्राच्या शिडाच्या बोटीने डिसेंबरात नॉरफोकहून फ्लोरिडाला जायचंय. थंडीत इंट्राकोस्टल वॉटरवे, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतचा आतला जलमार्ग, झेपेल का?

झेपेल. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं मित्र ३४ फुटी बोटीने याच वाटेने गेलो. थंडी किती असते, ते आधी सांगतो. पहाटे पारा शून्याच्या आसपास असतो, पण उघड्या कॉकपिटमध्ये सुकाणू धरून तासन्‌तास उभं राहिलं की तीच थंडी हाडात शिरते. त्याहून जास्त छळतो तो छोटा दिवस.

वॉटरवेचा शून्य मैल नॉरफोकसमोर पोर्ट्समथला आहे आणि तिथून मायामी सुमारे १,०९० मैल. इंजिनावर ताशी सातेक मैल जाता येतं. उजेड जेमतेम पावणेदहा तास. अंधारात तरंगते ओंडके आणि खेकड्यांच्या सापळ्यांचे बोये दिसत नाहीत, म्हणून रात्री चालवू नका. दिवसाला ४५-५० मैल झाले तरी भरपूर.

आमची चूक सांगतो. नॉर्थ कॅरोलायनात अ‍ॅलिगेटर नदीच्या तोंडाशी नांगर टाकला होता. सकाळी ऊन तापेपर्यंत थांबू म्हणता म्हणता अकरा वाजले. नदीच्या वरच्या टोकाला, जिथे नांगरायला चांगली जागा आहे, तिथे दुपारी तीनला पोचलो. "आत्ताच काय थांबायचं" म्हणून पुढच्या कालव्यात शिरलो. तो कालवा २१ मैलांचा, सरळसोट, आणि मध्ये थांबायला कुठेही जागा नाही. पाचच्या आधीच सूर्य बुडाला. शेवटचा तास मी पुढे उभा राहून बॅटरीच्या झोतात काठाचे बुंधे बघत होतो. बाहेर पंगो नदीत आलो, नांगर सोडायला वाकलो, तर साखळीची खीळ निघेना. खीळ अडकलेलीच नव्हती. माझ्या बोटांना ती हातात आहे की नाही हेच कळत नव्हतं. शेवटी बोटं काखेत धरून उबेला आणली, तेव्हा कुठे खीळ निघाली. म्हणून उजेड कितीही शिल्लक असो, तीननंतर पुढचा टप्पा सुरू करायचा नाही, हे निघण्यापूर्वीच मित्राशी ठरवून घ्या. गारठलेल्या माणसाचा निर्णय चुकतो, आणि तो चुकतोय हे त्याला कळत नाही.

सुकाणूवर अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळ्या लावा. हातमोज्यांचे तीन जोड घ्या, एक तरी भिजतोच. अंगालगत सुती नको, लोकरीचं घाला. लाइफ जॅकेट केबिनबाहेर पाऊल टाकताना घालायचंच: गार पाण्यात पडलं की पहिला मिनिटभर श्वास ताब्यात राहत नाही आणि दहाएक मिनिटांत हातपाय काम करेनासे होतात. केबिनमध्ये हीटर लावून झोपणार असाल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच, आणि झरोका थोडा उघडा ठेवा. सकाळी डेकवर गोठलेलं दहिवर असतं, आमचे दोर तर काठीसारखे ताठ झाले होते. पाऊल ठेवण्याआधी खाऱ्या पाण्याची बादली ओता. धक्क्यावरचे नळही गोठण्याच्या भीतीने बंद करतात, तेव्हा टाकी आधीच भरून घ्या. आणि प्रेशर कुकर न्याच. बोट हलली तरी खिचडी सांडत नाही.

नॉरफोकहून दोन वाटा फुटतात. डिस्मल स्वॉम्प कालवा चालू असेल तर तोच घ्या. १८०५ पासूनचा आहे, दोन्ही बाजूंनी झाडी असल्याने वारा लागत नाही, आणि पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. पुढे अल्बेमार्ल साउंड ही रुंद खाडी मात्र उथळ आहे. वारा वाढला की आखूड, उभ्या लाटा उठतात. उत्तरेच्या वाऱ्याचा जोर ओसरेपर्यंत एक दिवस एलिझाबेथ सिटीला थांबणं परवडतं.

उघडणाऱ्या पुलांच्या चालकांशी नॉर्थ कॅरोलायनापर्यंत व्हीएचएफ रेडिओच्या १३ नंबरवर बोला, साउथ कॅरोलायनापासून ९ वर. कॅम्प लजून या लष्करी तळापाशी गोळीबाराचा सराव असला की वाट बंद ठेवतात. जॉर्जियात भरती-ओहोटीचा फरक सात ते नऊ फूट. मी रत्नागिरीचा, उधाण-भांग बघत वाढलो, तरी तिथल्या ओहोटीला उघडे पडलेले चिखलाचे काठ बघून दचकलो. तिथले उथळ टप्पे चढत्या पाण्यावरच पार करा, म्हणजे टेकलात तरी पाणीच उचलतं.

फ्लोरिडात शिरल्यावरही लगेच सैल होऊ नका. मी सेंट ऑगस्टीनला हातमोजे धुऊन आत ठेवले, आणि दोन दिवसांनी उत्तरेचा वारा आला तेव्हा पुन्हा शोधून काढले.