बिल्ल्याची पाठ आधी दाखवा

प्रश्न : काका, माझे आजोबा मिलमध्ये डाईंग खात्यात होते. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत एक बिल्ला निघाला. मध्ये चांदमारीची वर्तुळं, त्यावर दोन तिरक्या बंदुका, भोवती पानांचा वेढा, खाली १९२८ आणि ‘के. के. एस.’ ही अक्षरं. घरात सगळे सांगतात की महायुद्धात कुणा जर्मन अधिकाऱ्याच्या छातीवरून काढलेलं हे शौर्यपदक आहे. खरं असेल का? – भवानी पेठ, सोलापूर

उत्तर : आजोबा शूर असतीलही, पण हा बिल्ला शौर्याचा नाही. १९२८ साली कुठलं महायुद्ध चालू होतं, हे घरातल्यांना एकदा विचारा.

फोटो सगळे पुढच्या बाजूचे पाठवलेत. पाठीचा एकच, तोही हललेला. मी जन्मभर शाळांचे बिल्ले आणि सहकारी बँकांची पदकं ठोकली. पुढच्या बाजूला गिऱ्हाईक सांगेल ते कोरायचं, हा आमचा धंदा. कुणी बनवलं, कशाचं बनवलं, कधी बनवलं हे बघायचं तर बिल्ला उलटा करावा लागतो.

हा नेमबाजी क्लबचा बिल्ला आहे. जर्मनीत गावोगाव असे क्लब आहेत. त्यांना ‘शुट्झेनफेराइन’ म्हणतात, आणि त्यांची मुळं मध्ययुगात गावाचं रक्षण करणाऱ्या नागरिकांच्या पथकांत आहेत. १८६१ मध्ये गोथा इथे त्यांचा देशव्यापी संघ झाला आणि पुढच्याच वर्षी फ्रँकफर्टला पहिला मोठा मेळावा भरला. उन्हाळ्यात क्लबांचे उत्सव होतात. मिरवणूक, बँड, मंडप, बिअर. बिअर सोडली तर आपली सिद्धेश्वराची गड्डा यात्राच समजा. बऱ्याच ठिकाणी उंच खांबावर लाकडी पक्षी बसवतात. त्याचा शेवटचा तुकडा जो पाडेल तो वर्षभराचा ‘राजा’. राजाच्या गळ्यात चांदीच्या पट्ट्यांची साखळी पडते, आणि तोही तिच्यात आपली एक पट्टी वाढवतो. बाकीच्यांना मिळतात ते हे बिल्ले : कुणाला गुणांबद्दल, कुणाला सभासद म्हणून, कुणाला नुसतं उत्सवाला आल्याची आठवण म्हणून. शेवटच्या प्रकारचेच ढिगाने सापडतात.

‘के. के. एस.’ म्हणजे बारीक भोकाच्या नळीच्या, .२२ इंची बंदुकीची नेमबाजी. पहिल्या महायुद्धानंतर तिकडे हा खेळ फार फोफावला, त्यामुळे १९२८ शी तो छान जुळतो. पानं ओकची आहेत. जर्मन लोक ती सैन्याच्या पदकांवरही घालतात, गायन मंडळाच्या बिल्ल्यावरही घालतात, म्हणून नुसत्या पानांवरून सैन्य ठरवू नका. सैन्यातल्या चांगल्या नेमबाजाला १९३६ पासून मिळायची ती खांद्यावरून छातीच्या बटणापर्यंत येणारी विणलेली दोरी, पिन नव्हे. कधीकधी बिल्ल्यावर ‘देशासाठी डोळा आणि हात तयार ठेव’ अशा अर्थाचं जर्मन वाक्य असतं. ते वाचून लोक रणभूमीवर पोचतात. ते वाक्यही क्लबांच्या पदकांवरचंच.

आता पाठ बघा. ‘गेस. गेश.’ अशी तुटक अक्षरं दिसली तर ते कारखानदाराचं नाव नव्हे, नमुना कायद्याने राखीव आहे एवढाच अर्थ. ‘डी. आर. जी. एम.’ (जर्मन सरकारी नमुना-नोंदणीची खूण) असेल तर माल १८९१ च्या आधीचा नाही, कारण ती नोंदणीच तेव्हा सुरू झाली. ८०० (हजारात ८०० भाग चांदी) या आकड्याशेजारी चंद्रकोर आणि मुकुट असेल तर चांदी, आणि १८८८ नंतरची. ‘अल्पाका’ लिहिलं असेल तर तांबं-निकेल-जस्त, म्हणजे आपलं जर्मन सिल्व्हर. सराफाकडे हेलपाटा नको. कारखान्याचं नाव असेल तर बहुधा लुडेनशाइड, स्टुटगार्ट किंवा म्युनिक यांपैकी एखादं गाव वाचायला मिळेल. फीत असेल तर रंग सांगा : काळा-पांढरा-लाल हे १९१८ पर्यंतच्या साम्राज्याचे, काळा-लाल-सोनेरी हे त्यानंतरच्या प्रजासत्ताकाचे. निळा-पांढरा दिसला तर बव्हेरिया.

सोलापुरात कसा आला, यावर मी गोष्ट रचणार नाही. जर्मन रंग एके काळी हिंदुस्थानातल्या गिरण्यांत भरपूर यायचे, एवढं खरं. पेटीत एखादं पाकीट, पावती, पत्ता लिहिलेली चिठ्ठी असेल तर ती बिल्ल्याइतकीच जपून ठेवा.

प्रश्न : माझ्याकडे ‘फेल्डशीसन १९५६’ लिहिलेली पिन आहे. अक्षरं जर्मन आहेत, पण ढालीवर लाल रंगात पांढरा क्रॉस आहे. हा कुठल्या जर्मन संस्थानाचा? – सात रस्ता, सोलापूर

उत्तर : कुठल्याच नाही. हा स्वित्झर्लंडचा. तिथे दरवर्षी देशभर ही नेमबाजी होते. रायफलवाले ३०० मीटरवरून १८ गोळ्या झाडतात, पूर्ण गुण ७२. ठरावीक गुणांच्या वर गेलेल्याला ही पिन मिळते. पाठीवर ‘ह्युगनँ, ल लोक्ल’ दिसतं का बघा. घड्याळांच्या त्या गावातला हा पदकांचा नामांकित कारखाना. मला विचाराल तर ठशाचं काम जर्मनांपेक्षा यांचं नाजूक.

प्रश्न : बाजारातून आणलेल्या पिनवर स्वस्तिक होतं, म्हणून आईने ती देवघरात ठेवली. आता भाऊ म्हणतो, ती हिटलरची आहे. – जुळे सोलापूर

उत्तर : फोटोतलं स्वस्तिक कोनावर उभं आहे, गरुडाच्या नखांत आहे. भावाचं बरोबर आहे. देवघरातून काढा, आईंना सांगा, देवाची चूक नाही, बाजाराची आहे. जर्मनीत हे चिन्ह चारचौघांत मिरवणं गुन्हा आहे. आणि तुमची पिन बहुतेक नकलीच आहे. याच काळातल्या वस्तूंना जास्त पैसे मिळतात, म्हणून नकलाही याच निघतात. तुमच्या पिनची अक्षरं साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झालीत आणि कडेला साच्याची शिवण दिसते. म्हणजे ठशाखाली ठोकलेली नाही, ओतलेली आहे.

प्रश्न : मीनाकाम खरं की रंग, कसं ओळखू? आणि चिंच लावून चकाकी आणू का? – अक्कलकोट

उत्तर : खरा मीना म्हणजे काच. कडेला, दिसणार नाही अशा जागी सुईचं टोक अलगद टेकवा. काचेवरून ते घसरतं, रंगात रुततं. चिंच मुळीच नको. आंबटाने गिलिट उडतं आणि मीन्याच्या फटीत ओल शिरते. मऊ कोरड्या फडक्याने पुसा आणि पाठीची टाचणी सरळ करायला जाऊ नका. जुना डाग, म्हणजे टाचणीचा धातूचा सांधा, तिथेच सुटतो, आणि पुन्हा डाग द्यायला उष्णता दिली की पुढचा मीना तडकतो.