वॉल्टरने न विचारलेला प्रश्न

प्रश्न : सा. न. वि. वि. ‘ब्रेकिंग बॅड’ ही अमेरिकन मालिका मी नुकतीच दुसऱ्यांदा पाहून संपवली. कर्करोग झालेला रसायनशास्त्राचा शिक्षक बायकामुलांच्या काळजीने अमली पदार्थ बनवू लागतो, तिथे माझे मन त्याच्या बाजूने होते. शेवटपर्यंत ते पुरते फिरले नाही आणि याचेच मला भय वाटते, कारण मीही तीस वर्षे घरासाठीच राबलो आहे. वॉल्टर व्हाइटचे कुटुंबप्रेम खरे होते की तो नुसता बहाणा होता? खरे असेल, तर ते बिघडले कोठे? आणि त्याची बायको स्कायलर हिचा मला एवढा राग का यावा?
— एक निवृत्त वाचक, सातारा

उत्तर : आपल्या पत्रातले भय मला परके नाही. व्हिन्स गिलिगन यांनी रचलेली ही मालिका २००८ ते २०१३ या काळात पाच पर्वांत आणि ६२ भागांत प्रसारित झाली. तिची मांडणीच अशी आहे की प्रेक्षकाने आधी वॉल्टरच्या घरी राहायला यावे, त्याच्या पंक्तीला बसावे आणि मग त्याच्याच सोबतीने एकेक पायरी खाली उतरावे. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरातला पन्नाशीचा शिक्षक, शाळा सुटल्यावर मोटारी धुण्याच्या केंद्रात दुसरी नोकरी, सेरेब्रल पाल्सी असलेला मुलगा, गरोदर बायको आणि शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला फुप्फुसाचा कर्करोग. अशा माणसाविषयी कळवळा वाटला, यात आपले काही चुकले नाही.

त्याचे प्रेम खरे होते, असेच मी म्हणेन. दुसऱ्या पर्वाच्या आरंभी तो एक हिशेब मांडतो : दोन मुलांचे महाविद्यालयीन शिक्षण ३,६०,००० डॉलर, घरावरची दोन कर्जे मिळून १,३७,०००, आणि दहा वर्षांचा घरखर्च २,४०,०००. एकूण ७,३७,००० डॉलर. आपल्यामागे घर उघडे पडू नये म्हणून विम्याच्या पावत्या समोर घेऊन बसणाऱ्या कोणत्याही बापाचा हिशेब याहून निराळा नसतो. हा आकडा गाठून तो थांबला असता का, हे मात्र आपल्याला त्याआधीच कळलेले असते. पहिल्या पर्वाच्या पाचव्या भागात एलियट आणि ग्रेचेन हे त्याचे जुने, आता श्रीमंत झालेले सहकारी त्याच्या उपचारांचा सारा खर्च उचलायला तयार होतात. वॉल्टर नकार देतो आणि बायकोला मात्र खर्च तेच करीत आहेत, असे सांगतो. घर वाचवण्याचा सरळ मार्ग दारात आलेला असताना त्याने तो परतवला, कारण त्या मार्गाने घर वाचले असते, पण वाचवणारा तो ठरला नसता. बिघाड कोठे झाला, हा आपला प्रश्न. माझ्या मते तो याच ठिकाणी झाला, आणि तेव्हा त्याच्यापाशी पैसाही जमला नव्हता.

त्याच भागातला आणखी एक प्रसंग आपण पुन्हा पाहावा. घरातली माणसे दिवाणखान्यात जमली आहेत. ज्याच्या हाती उशी असेल त्यानेच बोलायचे, असा नियम ठरला आहे आणि वॉल्टरने उपचार घ्यावेत की नाही, यावर प्रत्येकजण मन मोकळे करतो आहे. शेवटी उशी त्याच्या हाती येते. आयुष्यात कोणताही निर्णय आपण खऱ्या अर्थाने स्वतः घेतला असे आपल्याला वाटत नाही, असे तो कळवळून सांगतो आणि त्याचे ते शब्द मनाला भिडतात. पण त्या क्षणी त्याच्या हातून दोन माणसे मारली गेलेली आहेत. त्यांतल्या एकाला, तळघरात डांबलेल्या तरुणाला, सोडावे की मारावे, याची दोन रकाने पाडलेली यादीच त्याने केली होती. सोडण्याच्या बाजूला बरीच कारणे होती. मारण्याच्या बाजूला एकच, की सोडला तर तो आपल्या सगळ्या घरादाराला मारील. कारण खोटे नव्हते. मात्र त्या घरादारावर हे संकट आणले कोणी, हे यादीत कोठेच नव्हते.

आपल्याकडची वाल्या कोळ्याची गोष्ट इथे आठवल्याशिवाय राहत नाही. वाटसरूंना लुटणाऱ्या वाल्याला नारदमुनी विचारतात, ज्यांच्यासाठी हे करतोस ते तुझ्या पापाचे वाटेकरी होतील का? वाल्या त्यांना झाडाला बांधून ठेवतो आणि घरी जाऊन विचारतो. बायकोमुले नाही म्हणतात आणि तिथून त्याचे आयुष्य पालटते. या कथेतला मोठेपणा मला नेहमी वाल्याच्या त्या घरापर्यंतच्या चालण्यात दिसतो, कारण उत्तर काय येईल याची धास्ती असूनही तो विचारायला गेला. वॉल्टरने दोन वर्षांत एकदाही विचारले नाही. उशी हातात होती, सगळे समोर बसलेले होते, तरी विचारले नाही. घरच्यांच्या वतीने होकार त्याने स्वतःच देऊन टाकला आणि पुढे प्रत्येक वेळी तोच होकार वापरला. जेसी पिंकमन या आपल्या जुन्या विद्यार्थ्याच्या मैत्रिणीला डोळ्यांदेखत गुदमरून मरू दिले तेव्हाही आणि एका लहान मुलाला विषबाधा केली तेव्हाही. स्वतःच्या मुलीच्या जन्माच्या वेळी तो माल पोहोचवायला गेला होता, तेही म्हणे घरासाठीच.

वाल्याने एक जीव घेतला की रांजणात एक खडा टाकायचा, असे करता करता सात रांजण भरले, अशी आपल्याकडची कथा आहे. वॉल्टरने वाळवंटात पुरलेली नोटांची पिंपेही सातच होती. हा निव्वळ योगायोग असावा, पण तो लक्षात आल्यापासून मला ते दृश्य पूर्वीसारखे पाहता येत नाही. त्या पिंपांत सुमारे आठ कोटी डॉलर होते, म्हणजे मूळ हिशेबाच्या शंभरपटीहून अधिक. उत्तरही अखेर आले, फक्त न विचारता आले. बर्फात लपून राहिलेला वॉल्टर मुलाला फोन करतो आणि एक लाख डॉलर पाठवीत असल्याचे सांगतो, तेव्हा तो मुलगा तू मरत का नाहीस, असे ओरडतो आणि पैसे नाकारतो. इतके झाल्यावरही बाप ऐकत नाही. पिंपे लुटली गेल्यावर उरलेले ९७ लाख २० हजार डॉलर तो एलियट आणि ग्रेचेन यांच्या हवाली करतो आणि त्यांना धाक घालून त्यांच्याच नावाने ते मुलाला मिळतील अशी तजवीज करतो. ज्यांची मदत एकदा ठोकरली, त्यांचेच नाव उसने घ्यावे लागले. शेवटच्या भागात स्कायलरसमोर तो कबूल करतो की हे सारे मी स्वतःसाठी केले, मला ते आवडत होते. त्या कबुलीमुळे आधीचे प्रेम खोटे ठरते असे मला वाटत नाही. त्या प्रेमाच्या नावावर किती काही खपवले, ते तिने उघड होते.

आता स्कायलरविषयी. हा राग आपल्या एकट्याचा नाही. प्रेक्षकांनी तिचा इतका द्वेष केला, की ती भूमिका करणाऱ्या ॲना गन यांनी ऑगस्ट २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्याविषयी लेख लिहिला. माझे निरीक्षण असे, की आपण कथा वॉल्टरच्या खांद्यावर बसून पाहतो आणि त्याच्या वाटेत आडवी येणारी ही एकच व्यक्ती घरातली असते. घराशी निष्ठा म्हणजे घरच्या पुरुषाचे गुपित सांभाळणे, ही समजूत आपल्या मनात फार खोल आहे, आणि ती मोडणारी बायको आपल्याला कृतघ्न वाटते. पण तिलाही निर्दोष म्हणता येत नाही. तिने हिशेबाच्या वह्या रंगवल्या आणि मोटारी धुण्याचे केंद्र विकत घेऊन काळा पैसा पांढरा केला. जेसी आपल्यावर उलटला आहे हे कळल्यावर तर ती नवऱ्याला म्हणते, एवढे सगळे केले, मग आणखी एकाचे काय? मालिकेतले सर्वांत भयंकर वाक्य मला हेच वाटते, कारण ते घर वाचवू पाहणाऱ्या आईच्या तोंडी आहे. राग यायचाच तर तो या वाक्याचा यावा; तिने आधी नवऱ्याला अडवले, मुले बहिणीकडे पाठवली, याचा नव्हे.

प्रश्न : वॉल्टरचा साडू हँक हा अमली पदार्थविरोधी खात्यात अधिकारी असतो. साडू हाच गुन्हेगार आहे हे कळल्यावर त्याने घराची अब्रू राखायला हवी होती, असे आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांचे मत पडले. आपल्याला काय वाटते?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : वडीलधाऱ्यांचा मान राखून सांगतो, मला हे मत पटत नाही. तिसऱ्या पर्वात वॉल्टर पकडला जाण्याच्या बेतात असतो, तेव्हा वकिलाकरवी तो हँकला खोटा फोन करवतो की तुझ्या बायकोला अपघात झाला आहे. हँक हातची शिकार सोडून इस्पितळाकडे धावतो. त्याच्या घरावरच्या मायेचाच तो फास केला गेला. खोटे उघड झाल्यावर संतापलेला हँक जेसीला बेदम मारतो आणि इथे तोही घसरतो. पण नंतर जबाब देताना तो मारहाण कबूल करतो, हे आपल्या हातून घडायला नको होते असे मानतो आणि पिस्तूल व बिल्ला जमा करतो.

ही मारहाण ज्या भागात येते, त्याच भागाच्या सुरुवातीला मेक्सिकोतल्या सालामांका टोळीचा म्होरक्या एका पुतण्याचे डोके बर्फाच्या पाण्यात दाबून धरतो आणि दुसऱ्याला शिकवतो की कुटुंब हेच सर्वस्व. घराची अब्रू राखणे म्हणजे काय, याची दोन उत्तरे लेखकांनी एकाच भागात शेजारी ठेवली आहेत आणि मला हँकचे उत्तर मोलाचे वाटते. साडूचे पितळ उघडे पडते, तेव्हाही हँक आधी स्कायलरच्या मुलांना सुरक्षित घरी आणायला सांगतो. उलट वॉल्टर खोटी कबुली चित्रित करून सगळे पाप हँकच्या माथी मारतो, आणि त्यासाठी हँकच्या उपचारांवर आपल्याच पैशातून खर्च झालेल्या १,७७,००० डॉलरांचा आधार घेतो.

शेवटी वाळवंटात हँक जखमी पडलेला असतो आणि वॉल्टर हा माझ्या घरचा माणूस आहे म्हणत त्याच्या जिवाच्या बदल्यात आठही कोटी डॉलर देऊ करतो. ती गयावया मला खरीच वाटते. पण समोरच्या टोळीला त्यानेच जेसीला मारण्याची सुपारी दिलेली असते. हँक दयेची भीक मागत नाही. त्याला गोळी घातली जाते, पिंपे उकरली जातात आणि ती काढून रिकाम्या झालेल्या खड्ड्यातच त्याला पुरले जाते.